आयुष्याचें माप कोणाच्या हातीं?

औषध आणि दुःख यांचा संबंध सामान्य मनुष्य एका साध्या हिशोबानें समजत असतो. आधीं दुखणें येतें, मग औषध येतें. औषध कडू असलें तरी दुखणें त्याहून अधिक कडू असतें, आणि म्हणून तें गिळतांना मनाला फारसा संशय येत नाहीं. परंतु आधुनिक वैद्यकानें असा एक प्रसंग निर्माण केला आहे कीं, जेथें हा जुना हिशोब उलटा होतो. दुखणें निघून गेलेलें असतें, निदान दिसेनासें झालेलें असतें. औषध घेणारें माणूस हिंडतें, फिरतें, घरचीं कामें करतें. आणि त्याला जें कांहीं दुःख होतें तें औषधामुळेंच होतें. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर पुष्कळ स्त्रियांना पांच वर्षें, कित्येकींना त्याहूनहि अधिक, शरीरांतील स्त्रीसंप्रेरकाचा, म्हणजे व्यवहारांत ज्याला हार्मोन म्हणतात त्याचा, प्रभाव दाबून टाकणारी गोळी रोज घ्यावी लागते. तो प्रसंग हाच होय. अशा वेळीं ती गोळी घ्यावी कीं सोडावी, आणि हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों. प्रश्न वैद्यकाचा दिसतो. परंतु त्याचा गाभा नीतीचा आहे असें आम्हांस वाटतें.

विषय नीट समजण्यासाठीं या औषधांची हकीगत थोडक्यांत सांगितली पाहिजे. स्तनाच्या बऱ्याचशा कर्करोगांची वाढ ईस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकावर अवलंबून असते. बीजकोश आणि स्तनाचा रोग यांच्यामध्यें कांहीं गुप्त नातें आहे, हें ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यवैद्यानें हार्मोन हा शब्दहि जन्मास येण्यापूर्वीं ओळखलें होतें. त्यानें १८९५ मध्यें एका स्त्रीचे बीजकोश काढून टाकले व तिच्या गांठी विरत गेल्या, ही हकीगत त्यानें १८९६ मध्यें प्रसिद्ध केली. हार्मोन हा शब्द रूढ झाला तो १९०५ नंतर. पुढें १९६२ मध्यें इंग्लंडांतील आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेंत डोरा रिचर्डसन या विदुषीनें टॅमॉक्सिफेन हें द्रव्य सिद्ध केलें. हेतु होता संततिनियमनाचा. तो मुळींच साधला नाहीं. परंतु १९७१ मध्यें मँचेस्टर येथील रुग्णालयांतून या द्रव्याचा स्तनाच्या कर्करोगावर गुण येतो असें वृत्त प्रसिद्ध झालें आणि त्याचें भाग्य पालटलें. टॅमॉक्सिफेन हें पेशींतील ईस्ट्रोजेनच्या जागीं ठाण मांडून त्याचा प्रभाव पडूं देत नाहीं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल वगैरे नंतरचीं औषधें ऋतुनिवृत्त स्त्रीच्या शरीरांत ईस्ट्रोजेन तयार होण्याचेंच बंद करतात. आणि तरुण स्त्रियांसाठीं बीजकोशांना कांहीं काळ निजविणारीं इंजेक्शनें आहेत. ज्या गांठीचा ईस्ट्रोजेनशीं संबंध नाहीं, तिच्यावर मात्र यांतील एकाचाहि उपयोग नाहीं.

आतां ईस्ट्रोजेन हें कांहीं केवळ रोगाचें खाद्य नव्हे. हाडांची बळकटी, अंगाची स्निग्धता, झोप, मनाची प्रसन्नता, सांध्यांचें चलनवलन, या सर्वांशीं त्याचें नातें असतें. तें दाबलें कीं अवेळीं ऋतुनिवृत्ति आल्यासारखें होतें. अंगांतून एकाएकी गरम वाफा निघतात, रात्रीं घामानें लुगडें भिजतें व झोप मोडते. लेट्रोझोलच्या जातीच्या औषधांनीं सकाळीं बोटें आखडतात, गुडघे दुखतात, हाडें ठिसूळ होतात. टॅमॉक्सिफेननें क्वचित् पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी धरते, आणि ऋतुनिवृत्त स्त्रीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा संभव कांहींसा वाढतो. पतिपत्नींच्या सहवासांत जें दुःख उत्पन्न होतें त्याचा तर आपल्या समाजांत उच्चारहि होत नाहीं. ज्या स्त्रीला भल्या पहाटे उठून भाकरी थापावयाच्या आणि मग दिवसभर सोयाबीनच्या रानांत वांकून खुरपावयाचें, तिच्या बाबतींत बोटें आखडणें ही किरकोळ तक्रार नव्हे. तो तिच्या भाकरीचाच प्रश्न आहे.

हें दूरदेशींचें शास्त्र येथें कशाला, असें कोणी विचारील. त्याला आमचें उत्तर असें कीं, कर्करोगाच्या शास्त्रांत आपल्याकडील एका मागास समजल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा मोठाच वांटा आहे. धाराशिव जिल्हा, ज्याचें नांव २०२३ पर्यंत उस्मानाबाद असें होतें, महाराष्ट्राला तुळजापूरच्या भवानीमुळें आणि पदोपदीं येणाऱ्या दुष्काळामुळें परिचित आहे. पण त्यांतील भूम व परांडा हे तालुके आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी तालुका मिळून १९८७ पासून खेड्याखेड्यांतील कर्करोगाची जी नोंद बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयांतून ठेवली जात आली, ती हिंदुस्थानांतील ग्रामीण भागाची अशा प्रकारची पहिली नोंद होय. पुढें १९९९ मध्यें याच जिल्ह्यांत मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रानें, बार्शीच्या रुग्णालयानें आणि लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड प्रयोग हातीं घेतला. गांवांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले गेले. तीन गटांना तीन निरनिराळ्या तपासण्या मिळाल्या, चौथ्यास कोणतीच मिळाली नाहीं. प्रत्येक गट तीस हजारांवर होता. २००९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हां असें दिसलें कीं, ज्या गटाची विषाणूची तपासणी एकदांच झाली त्यांत या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, आणि ज्या गटाची तपासणी झाली नाहीं त्यांत ६४.

त्या चौथ्या गटावरून नीतीच्या दृष्टीनें पुढें वाद झाला, आणि तो होणें योग्यच होतें. आमचा विषय त्या रोगाचा नाहीं. परंतु या प्रयोगांतून आमच्या प्रश्नाला उपयोगी असे दोन बोध निघतात. पहिला हा कीं, वैद्यकांतील आंकडा ही शुष्क वस्तु नव्हे. त्याच्या पाठीशीं जित्याजागत्या स्त्रिया उभ्या असतात, आणि जो मनुष्य "आंकड्यांत काय आहे?" असें म्हणून हात झटकतो तो त्यांच्या जीविताचाच अनादर करतो. दुसरा बोध याच्या उलट दिशेचा आहे. आंकडा समूहाविषयीं बोलतो. समूहांतील अमुक एका स्त्रीविषयीं तो मुका असतो. तीस हजारांपैकीं कोणाचें काय होईल, हें त्या ३४ मध्येंहि लिहिलेलें नाहीं आणि ६४ मध्येंहि नाहीं.

हे दोन्ही बोध मनांत धरून आमच्या गोळीचा आंकडा पाहूं. ज्या स्त्रियांची गांठ ईस्ट्रोजेनवर पोसलेली असते, त्यांनीं पांच वर्षें टॅमॉक्सिफेन घेतल्यास पुढील पंधरा वर्षांतील या रोगाचें मृत्युप्रमाण सुमारें एक तृतीयांशानें घटतें, असें २०११ मध्यें अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांतून दिसून आलें. हा लाभ मोठा आहे आणि तो आम्ही लहान करूं इच्छीत नाहीं. परंतु "एक तृतीयांश" हा शब्द फसवा आहे. ज्या स्त्रीचा धोका मुळांत मोठा, तिचा एक तृतीयांश मोठा. जिची गांठ लहान आणि वेळीं सांपडलेली, तिचा एक तृतीयांश अगदींच अल्प असूं शकतो. पांच वर्षांनंतर आणखी पांच वर्षें गोळी घ्यावी कीं नाहीं हा जो पुढचा प्रश्न, त्याचें उत्तर ॲटलास नांवाच्या चाचणीनें २०१२ मध्यें दिलें. निदानानंतरच्या पांचव्या वर्षापासून चौदाव्या वर्षाच्या अखेरपर्यंत, ज्यांनीं गोळी पांच वर्षांनीं थांबविली त्यांच्यापैकीं शेंकडा १५ या रोगानें दगावल्या. ज्यांनीं दहा वर्षें चालू ठेवली त्यांच्यापैकीं शेंकडा १२.२. उलट गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पहिल्यांत शेंकडा १.६ जणींना झाला, दुसऱ्यांत ३.१ जणींना, त्यापायीं मृत्यु मात्र पहिल्यांत ०.२ आणि दुसऱ्यांत ०.४ इतकेच. म्हणजे जमाखर्च केला तर लाभाचें पारडें जड आहे, यांत शंका नाहीं.

पण या आंकड्यांकडे आणखी एकदां पाहिलें म्हणजे खरी अडचण लक्षांत येते. शंभर स्त्रियांनीं आणखी पांच वर्षें ती गोळी घेतली, तर जवळजवळ तिघींचा जीव त्या मुदतींत वांचतो. उरलेल्या सत्त्याण्णवांना, मरणाच्या दृष्टीनें पाहिलें असतां, त्या मुदतींत फरक पडत नाहीं. त्या तीन कोणत्या, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर ज्यांचा जीव वांचला त्यांना स्वतःलाहि तें आयुष्यांत कधींच कळत नाहीं. जें मरण आलें नाहीं तें दिसत नाहीं. आखडलेलीं बोटें मात्र रोज सकाळीं दिसतात. फळ अदृश्य आणि कांटा प्रत्यक्ष, अशी ही विलक्षण बाग आहे; आणि तींत एकटीनें, वर्षानुवर्षें, पाणी घालीत राहावें अशी आपली त्या स्त्रीपाशीं मागणी असते.

यावर पहिला पक्ष असा बोलतो: "जीव हें सर्व सुखांचें भांडें आहे. भांडेंच फुटलें तर त्यांतील दूध कोठें राहणार? म्हणून जीव वांचविण्याच्या आड येणाऱ्या कोणत्याहि दुःखाचा विचार करूं नये." हा युक्तिवाद ऐकावयास भारदस्त आहे, परंतु तो तराजूंत खोटें माप घालतो. येथें एका बाजूस जीव आणि दुसऱ्या बाजूस सांधेदुखी असा सामना नाहीं. एका बाजूस जीव वांचण्याच्या संभवांत पडणारी थोडी किंवा बरीच वाढ आहे आणि दुसऱ्या बाजूस रोज येणारें निश्चित दुःख आहे. संभवाला निश्चिताची जागा देणें हा हिशोबांतील लबाडपणा होय, मग तो कितीहि कनवाळू हेतूनें केलेला असो. दुसरा पक्ष म्हणतो: "आजचा दिवस खरा; उद्यांचें कोणी पाहिलें आहे?" हाहि तितकाच लंगडा आहे. आजच्या दुखण्याचा आवाज मोठा असतो म्हणून उद्यांचें वर्ष हलकें होत नाहीं. जी स्त्री आज कंटाळून गोळी टाकते, तिला उद्यां रोग उलटला असतां आजचा कंटाळा किती लहान होता हें कळून चुकतें. पण तेव्हां तो हिशोब पुन्हां मांडतां येत नाहीं. सारांश, दिवस आणि वर्षें हीं दोन भिन्न मापें आहेत, आणि एकाला दुसऱ्याचा भाव देणारा बाजार जगांत कोठेंहि नाहीं. तो भाव ज्याचें आयुष्य त्यानेंच ठरवावयाचा असतो.

येथें आम्ही मूळ प्रश्नाशीं येतों. माप कोणाच्या हातीं? डॉक्टराच्या हातीं वर्षांचें पारडें आहे. गांठ केवढी होती, काखेंतील ग्रंथींपर्यंत रोग पोंचला होता कीं नाहीं, वय काय, या सर्वांवरून या विशिष्ट रुग्णेला लाभ किती, तें तोच सांगूं शकतो. आणि तें शेंकडेवारीच्या भीतिदायक किंवा मोहक भाषेंत न सांगता, शंभरांत किती बायका, अशा उघड भाषेंत सांगणें हें त्याचें कर्तव्य आहे. दिवसांचें पारडें मात्र त्याच्या हातीं नाहीं. तें केवळ ती स्त्रीच भरूं शकते. रात्रींतून चार वेळां उठणें म्हणजे काय, मुठींत खुरपें न धरतां येणें म्हणजे काय, नवऱ्याच्या स्पर्शाला भिऊं लागणें म्हणजे काय, याचें वजन दुसऱ्या कोणास करतां येणार नाहीं. दोघांनीं आपापलें पारडें प्रामाणिकपणें भरलें तरच तोल खरा.

परंतु आपल्याकडे या तराजूवर एक तिसरा हात नेहमींच पडत असतो, आणि आम्हांस सर्वांत अधिक भीति वाटते ती त्याची. हा हात म्हणजे घराच्या गरजेचा. धाराशिवच्या शेजारींच बीड जिल्हा आहे. दोन्हींकडून ऊसतोडीच्या टोळ्या दरसाल पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. बीडमधील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें सर्रास काढलीं जात असल्याची ओरड झाली तेव्हां २०१९ मध्यें सरकारनें चौकशी समिति नेमली. सुमारें ८२ हजार स्त्रियांच्या पाहणींत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम बुडतें, खाडा पडला कीं दंड भरावा लागतो, उचल फिटत नाहीं. मग पिशवीच नको, असा तो हिशोब. अशा शस्त्रक्रियेंत कित्येकदां बीजकोशहि जातात, आणि तरुण वयांतच हाडें झिजूं लागतात, अंगाची आग होऊं लागते. आमच्या गोळीनें होणारीं दुःखें आणि हीं दुःखें एकाच कुळींचीं आहेत. फरक इतकाच कीं, कर्करोग झालेल्या स्त्रीला त्या दुःखाच्या बदल्यांत आयुष्याची खरी जोड मिळूं शकते. ऊस तोडणारीला त्याच्या बदल्यांत मिळाले ते कामाचे कांहीं दिवस, आणि तेहि बहुतांशीं दुसऱ्याच्या हिशोबांत जमा झाले.

हें उदाहरण आम्ही अशासाठीं दिलें कीं, घराची गरज दोन्ही दिशांनीं बोलते. "लेकरांसाठीं तरी गोळी घे," असेंहि ती म्हणते; आणि "हात चालत नाहींत तर ती गोळी कशाला? कापणी तोंडावर आली आहे," असेंहि तीच म्हणते. पहिलें वाक्य प्रेमाचें आणि दुसरें स्वार्थाचें वाटतें. पण दोहोंतहि तिच्या देहाचा विनियोग दुसरा कोणी ठरवीत आहे. यावर कोणी म्हणेल कीं, आपली स्त्री स्वतःला लेकरांपासून वेगळी मोजीतच नाहीं, मग तिचा निर्णय तिच्या एकटीचा कसा? आक्षेप खरा आहे. लेकरांसाठीं दुःख सोसावें असें तिला वाटलें तर तें वाटणें तिचें स्वतःचेंच आहे, आणि त्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. परंतु तिनें आपण होऊन लेकरांना पारड्यांत घालणें वेगळें, आणि दुसऱ्यानें त्यांना उचलून तिच्या पारड्यांत टाकणें वेगळें.

तिसऱ्या हाताचें दुसरें रूप म्हणजे आपण स्त्रीच्या सोशिकपणाची जी स्तुति करतों ती. सोसणारी बाई चांगली, कुरकुरणारी वाईट, असा आपला न्याय. त्याचा परिणाम असा होतो कीं, बार्शीच्या रुग्णालयाच्या ओळींत तासन् तास बसून शेवटीं डॉक्टरासमोर ती जाते तेव्हां, मुलगा किंवा दीर शेजारीं उभा असतां, "बरें आहे" यापलीकडे तिच्या तोंडून शब्द फुटत नाहीं. आणि जी बोलत नाहीं ती पुष्कळदां घरीं जाऊन गुपचूप गोळी बंद करते. हाच सर्वांत वाईट परिणाम होय. उघडपणें सोडलेल्या औषधाला पर्याय असतो. चोरून सोडलेल्याला नसतो. एक औषध सोसलें नाहीं तर त्याच जातीचें दुसरें देऊन पाहतां येतें. हाडांसाठीं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व बळकटीचीं औषधें आहेत. सांधेदुखी नियमित व्यायामानें हलकी होते. गरम वाफांवरहि इलाज आहेत. गोळी चालू असतां ऋतुनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला, एक पाय सुजला किंवा एकाएकी दम लागला, तर तें त्याच दिवशीं सांगावयास पाहिजे. तेथें सोशिकपणा म्हणजे आत्मघात. तक्रार ऐकणें हें म्हणूनच सौजन्याचें काम नसून चिकित्सेचेंच एक अंग आहे.

निःपक्षपातासाठीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. प्रत्येक दुखणें गोळीच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. ज्यांना रोग नव्हता, परंतु होण्याचा धोका अधिक होता, अशा ऋतुनिवृत्त स्त्रियांपैकीं अर्ध्यांना ॲनास्ट्रोझोल व अर्ध्यांना निव्वळ पोकळ गोळी देऊन एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ चे आहेत. औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६४ जणींनीं अंगदुखीची व सांधेदुखीची तक्रार केली. पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकींहि शेंकडा ५८ जणींनीं केली. म्हणजे वय, श्रम आणि भीति यांचाहि त्यांत वांटा असतो. मात्र हा आंकडा स्त्रीचें तोंड बंद करण्यासाठीं वापरूं नये. दुःखाचें कारण चुकीचें सांगितलें म्हणून दुःख खोटें ठरत नाहीं.

धाराशिव जिल्ह्यांतच तेर हें गोरोबाकाकांचें गांव आहे. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें त्यांचें थापटणें पाहून तें कशाचें म्हणून विचारलें, आणि गोरोबांनीं मडकें कच्चें कीं पक्कें तें ठोकून पाहतात तसें एकेकाच्या मस्तकावर थापटणें मारून पाहिलें, ही कथा मराठी मुलामुलींना पाठ असते. तिचा पारमार्थिक अर्थ निराळा. पण कुंभाराच्या धंद्यांतील एक साधें शहाणपण तींत आहे. आवा कितीहि चांगला लागलेला असो, शेंकडा नव्वद मडकीं पक्कीं निघालीं असोत, कुंभार प्रत्येक मडकें निराळें वाजवून पाहतो. कारण गिऱ्हाइकाच्या डोक्यावर सबंध आवा जात नसतो, एकच मडकें जातें. चाचण्यांनीं आव्याची बातमी दिली आहे, आणि ती अमोल आहे. पुढें एकेका मडक्याचा नाद ऐकणें हें काम उरतें, आणि तें कोणत्याहि आंकड्यानें टळणारें नाहीं.

तेव्हां आमचें मत असें आहे. ही गोळी म्हणजे व्रत नव्हे. व्रत एकदां घेतलें कीं मोडणें पाप. औषधाचा निर्णय मात्र प्रत्येक भेटींत नव्यानें घ्यावयाचा असतो. बीटसननें काढलेले बीजकोश परत बसवितां येत नव्हते, ऊसतोडणीच्या बाईची पिशवीहि परत येत नाहीं. परंतु गोळी थांबवितां येते, बदलतां येते, पुन्हां सुरूहि करतां येते, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत तरुण स्त्रियांनीं गर्भधारणेसाठीं सुमारें दोन वर्षें हें औषध वैद्यांच्या देखरेखीखालीं थांबविलें, आणि पहिल्या कांहीं वर्षांत तरी रोग उलटण्याचें प्रमाण त्यामुळें वाढलेलें दिसलें नाहीं. दीर्घ मुदतीचा निकाल अजून यावयाचा आहे. तरी स्त्रीची इच्छा हीहि वैद्यकानें मोजण्यासारखी वस्तु आहे, हें त्या चाचणीनें मान्य केलें.

जिचा धोका मोठा आहे तिनें सहसा हें औषध सोडूं नये, असेंच आम्ही म्हणूं. पण तिनें तें घ्यावें तें समजून, आणि तिचें दुःख हलकें करण्याची खटपट आपण केल्यावर. जिचा लाभ अल्प आहे आणि दुःख भारी आहे, तिनें सर्व ऐकून घेऊन तें सोडलें तर तिला भित्री किंवा अविचारी म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. दोघींनाहि आपण एक गोष्ट देणें लागतों. परांड्याहून किंवा भूमहून आलेल्या बाईला डॉक्टरापाशीं दहा मिनिटें एकटीनें बसतां यावें, तिला "कसें आहे?" असें कोणी खरोखर ऐकण्याच्या इच्छेनें विचारावें, आणि तिच्या उत्तरानंतर घरांतील कोणी तिच्याकडून तें वदवून घेऊं नये कीं पुसूनहि टाकूं नये. वर्षें किती वाढलीं तें शास्त्र मोजील. तीं कशीं गेलीं याची साक्ष देणारी एकच व्यक्ति आहे, आणि तोल होण्याच्या वेळीं तिला बोलूं दिलें पाहिजे.